काशीचा डावा पाय

आमच्या मजल्यावरचे हिराजी नाखवा कुठलीही वस्तू हातात घेण्याआधी मागे वळून बघतात. एकदा डाव्या खांद्यावरून, एकदा उजव्या खांद्यावरून, आणि मगच हात पुढे करतात. दुधाची पिशवी असो, औषधाची गोळी असो, नाहीतर सुनेने दिलेला चहाचा कप असो. सोसायटीच्या सत्यनारायणाला गुरुजींनी तीर्थाची पळी पुढे केली, तर नाखवांनी आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे बघितलं, आणि तेवढ्यात तीर्थ सतरंजीवर सांडलं. गुरुजींनी सतरंजीकडे कानाडोळा केला. मात्र दुसरी पळी भरताना त्यांनीही हळूच स्वतःच्या मागे बघून घेतलं, हे मी पाहिलं आहे.

असं काही दिसलं की मला स्वस्थ बसवत नाही. मी विमा कंपनीच्या क्लेम खात्यात नोकरी केली. दुकानाला आग लागली, गाडी चोरीला गेली, गोदामात पाणी शिरलं, असं सांगत येणाऱ्या माणसांच्या तोंडाकडे बघत माझं निम्मं आयुष्य गेलं. त्यातली बरीच माणसं खरं बोलत होती, पण तसं धरून चालण्याचा पगार मला मिळत नव्हता. निवृत्त झाले तरी सवय गेली नाही. भाजीवाला 'ताजी आहे ताई' म्हणाला की मी विचारते, कधी आली? माझा नवरा सतीश म्हणतो, आपल्या लग्नात सप्तपदीला तू पावलं मोजत होतीस. मोजत होते. गुरुजींना पुढचं लग्न गाठायचं होतं आणि त्यांची घाई मला बरी वाटली नव्हती.

तर नाखवा. मूळचे गव्हाणच्या पलीकडच्या, खाडीकाठच्या एका कोळीवाड्यातले. तिकडची बरीचशी जमीन विमानतळाच्या भरावाखाली गेली, मुलगा बंदरावर क्रेन चालवायला लागला, आणि कुटुंब नवीन पनवेलला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये आलं. म्हातारा सत्तरी ओलांडलेला, काटक, उन्हाने रापलेला. अंगात पांढरा शर्ट आणि पँट कायम पोटरीपर्यंत दुमडलेली, जणू लिफ्टमधून बाहेर पडल्याबरोबर चिखलच लागणार आहे. येता-जाता 'काय ताय' एवढंच बोलणार आणि मान मागे वळवणार.

सुरुवातीला मी मनाशी दोन-तीन शक्यता मांडल्या. एक, याच्यामागे कोणीतरी लागलंय. दोन, याची कुठेतरी कोर्टात केस चालू आहे. तीन, याचं दुसरं घर आहे आणि तिकडची मंडळी पत्ता काढत येतील, अशी त्याला धास्ती आहे. तिसरी शक्यता सतीशला फार आवडली. मी दाराच्या भिंगातून नजर ठेवली. वॉचमनला आडून आडून विचारलं. काही हाती लागेना. तेव्हा एक दिवस लिफ्टमध्ये दोघंच होतो, तर मी सरळ विचारलं, की नाखवा, तुमच्यामागे कोणी आहे का?

नाखवांनी आधी मागे बघितलं. मागे लिफ्टचा आरसा होता.

"मागं पानी असतो, ताय," ते म्हणाले.

एवढ्यावर क्लेम बंद करणारी मी नव्हे. सोसायटीच्या बागेत एक बाक आहे, तिथे ते संध्याकाळी बसतात. मी जाऊन शेजारी बसले आणि सगळं काढून घेतलं. त्यांच्या गावाजवळ खाडीची मोठी सपाट जागा होती. ओहोटीला ती उघडी पडायची आणि पोरं तिथे खेळायची. पण भरतीचं पाणी आवाज न करता मागून येतं. खेळाच्या नादात राहिलास तर घोट्याला लागल्यावर कळणार, आणि तोवर परतीची वाट बुडालेली. म्हणून त्या गावात पोराला चालता यायच्या आधी मागे बघायला शिकवत. खेळताना जो मोकळा असेल त्याने ओरडायचं. पाणी चढत असेल तर 'पानी', आणि अजून वेळ असेल तर 'कोरडा'. पुढे फुटबॉल आला तेव्हा याच हाका कामी आल्या. तुमच्या पाठीवर प्रतिस्पर्धी आला की आपला माणूस ओरडणार 'पानी'. पाठीमागे कोणी नसेल, बॉल निवांत घ्यायला जागा असेल, तर 'कोरडा'.

मी म्हटलं, थांबा. फुटबॉल कुठून आला?

कारण हे मला पटण्यासारखं नव्हतं. आमच्या भागात कबड्डी आहे, टेनिस बॉलचं क्रिकेट आहे, बैलगाड्यांच्या शर्यती आहेत. कोळीवाड्यात फुटबॉल मी कधी ऐकला नव्हता. नाखवा म्हणाले, एका बोटीवरच्या मेकॅनिकने आणला. बोट दुरुस्तीसाठी अडकली होती, त्याला वेळ जाईना, त्याने पोरांना शिकवलं, आणि जाताना बॉल आणि बुटांचा एक जोड देऊन गेला. आजूबाजूच्या गावांनी बघून बघून संघ काढले, आणि काही वर्षं खाडीच्या दोन्ही अंगांना फुटबॉलचं वेड होतं. मग ते आलं तसं गेलं. मी विचारलं, त्या मेकॅनिकचं नाव काय? ते त्यांना आठवेना. मनातल्या मनात मी लाल पेन्सिलने खूण केली.

आणि मग त्यांनी काशी सांगितला.

काशी म्हणजे काशिनाथ, त्यांचा थोरला भाऊ. वर्षाच्या अंतराचा. मैदानाच्या मधोमध खेळायचा. नाखवा बोलता बोलता बाकावरून उतरले, दोन चपला काढून गोलखांब केले, वॉचमनचा पाण्याचा जग मध्ये ठेवला आणि तो काशी म्हणून दाखवला. काशी धावायचा नाही. बाकीचे बॉलच्या मागे पळायचे आणि काशी चिखलात चालल्यासारखा पाय उचलून उचलून चालायचा. बॉल त्याच्याकडे यायला निघाला की मान डावीकडे, मान उजवीकडे. बॉल पायाशी पोचेपर्यंत कोण कुठे आहे हे त्याला पाठ झालेलं असायचं. मग तो बॉल अडवतसुद्धा नसे. येऊ द्यायचा, अंगाजवळून जाऊ द्यायचा, आणि डाव्या पायाने अलगद असा वळवायचा की समोरचे दोघं भलतीकडे गेलेले असायचे.

"काशी पास देत नसं," नाखवा म्हणाले. "पास ठेवायचा. तिथं आपला मानूस नसायचा. भरती कुठवर येनार हे बगून होडी ठेवतात ना, तसा. मानूस मागनं यायचा आनि बॉल तिथं वाट बगत असायचा."

हे सांगताना त्यांनी तोच जग आता बॉल धरून डाव्या पायाने इतका हळू ढकलला की त्यातलं पाणी सांडलं नाही. मला कौतुक वाटलं, हे मान्य करते. पण घरी येऊन चहा टाकताना काहीतरी खटकत राहिलं.

पुढच्या काही महिन्यांत ते खटकणं वाढत गेलं. नाखवांना काशीबद्दल बोलायला आवडतं, पण त्याहून जास्त आवडतं ऐकायला. खाडीपट्ट्यातला साठीच्या पुढचा कुठलाही माणूस दिसला, की हे त्याला गाठणार. लग्नात, मासळी बाजारात, डॉक्टरांच्या दवाखान्यात. तुम्ही काशीचा खेळ बघितला का? आणि समोरचा हो म्हणाला, की उलटतपासणी सुरू. आमच्या खात्यातले सर्व्हेअर इतके कडक नव्हते.

"तू मॅचला होतास, का आयकून बोलतंस?" हा त्यांचा पहिला प्रश्न. आणि दुसरा, "तिथी कोनती होती?"

मी चमकले. साक्षीदाराला आम्ही तारीख विचारायचो, वेळ विचारायचो, हवा कशी होती ते विचारायचो. तिथी कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. पण त्या पिढीच्या लोकांना ती सांगता यायची. कोणाला जत्रा आठवायची, कोणाला उपास. दवाखान्यात एक म्हातारे गृहस्थ होते, उलव्याकडचे. म्हणाले, काय तो काशी, उजव्या पायाचा काय फटका होता. नाखवांनी विचारलं, तिथी कोणती? ते म्हणाले, अवसेचा दुसरा दिवस, पक्कं आठवतं. नाखवांचा चेहरा पडला. 'मंग तू काशीला बगितलाच नाय,' एवढं बोलून ते सरळ उठले आणि आपला नंबर यायच्या आधीच डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरले.

याउलट कोनचे एक निवृत्त गुरुजी भेटले. त्यांनी एकादशीला मॅच बघितली होती, उपासाचे शेंगदाणे खात खात, आणि काशी डाव्या पायाने खेळला होता. नाखवांनी त्यांचा हात धरला तो तासभर सोडला नाही. बॉल वरून आला की खालून? मान आधी कुठे वळवली? पाय मागे किती नेला? तेव्हा लोक काय म्हणाले? गुरुजींनी तोच पास चार वेळा सांगितला आणि दर वेळी नाखवा पहिल्यांदा ऐकत असल्यासारखे ऐकत होते. दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या घरी सुक्या कोळंबीचे सोडे पोचते झाले. गुरुजी शाकाहारी आहेत हे नाखवांना कोणी सांगितलं नव्हतं.

मी तिथेच उभी होते आणि मला काय खटकत होतं ते एकदम लक्षात आलं. हा माणूस त्याचा सख्खा भाऊ. एका घरात वाढलेला. आणि भावाने पाय मागे किती नेला, हे तो परक्या माणसाला विचारतो. आजवर त्याने मला जे जे सांगितलं होतं ते मी आठवून बघितलं. प्रत्येक मॅचच्या शेवटी 'असा सांगतात'. 'बेलापूरचा एक जन सांगायचा'. 'आमचा गोलकीपर सांगायचा'. स्वतः डोळ्यांनी पाहिलेली एकही मॅच नव्हती. सगळा ऐकीव पुरावा. मी सतीशला म्हटलं, हा काशी एक तर नव्हताच, नाहीतर होता आणि खेळत नव्हता. सतीश म्हणाला, तुझं काय जातंय, असू दे ना एखाद्याचा काशी.

मी असू दिलंही असतं. पण मग भिंतीचं प्रकरण आलं.

सोसायटीच्या शेजारच्या प्लॉटवर रोहन पाटील नावाच्या तरुणाने फुटबॉलचं टर्फ काढलं. हिरवी कृत्रिम हिरवळ, चारही बाजूंनी जाळी, रात्री दिवे. एका बाजूला मोठी कोरी भिंत होती. त्यावर सगळे परदेशी खेळाडू रंगवतात, आपण आपल्या भागातला कोणीतरी रंगवू, असं त्याच्या मनात आलं. नाखवांच्या गोष्टी त्याने ऐकल्या होत्या. त्याने काशी रंगवायचं ठरवलं आणि पेणहून एक पेंटर बोलावला. पण रोहन पाटलाचं घराणं इथलंच, त्याला गावं माहीत. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काकू, तुम्ही नीट खात्री करून द्या. उद्या दुसऱ्या गावचे येतील आणि म्हणतील, हा असा नव्हताच. मग माझं टर्फ राहील बाजूला."

माझ्याकडे अधिकृतपणे चौकशी आली होती. किती दिवसांनी.

पेंटर मूळचा गणपती रंगवणारा. त्याने पहिला प्रश्न केला, बॉल कुठल्या पायाने मारतोय? म्हणाला, मी सोंडेचंसुद्धा आधी विचारून घेतो, नंतर लोक ऐकत नाहीत. काशीचा एकही फोटो नव्हता. तोंडावळा कसा होता विचारलं, तर नाखवा म्हणाले, 'माझ्यासारखाच'. तेव्हा त्यांच्याच लग्नातला फोटो चेहऱ्यासाठी दिला गेला. उरला पाय. नाखवा म्हणाले, डावा. यात विचारायचं काय आहे?

मी म्हटलं, साक्षीदार लागेल. काशीच्या विरुद्ध खेळलेला एखादा माणूस हवा, घरचा नको. नाखवांना हे आवडलं नाही, पण गव्हाणला जनार्दन घरत म्हणून एक जण अजून हयात होते. पलीकडच्या संघाचे गोलकीपर. आम्ही रिक्षा करून गेलो. जनार्दनदादा ओसरीवर पाय पसरून बसले होते, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. काशीचं नाव काढल्यावर त्यांचे डोळे चमकले. आमच्या देवीच्या जत्रेची मॅच, म्हणाले. माघी पुनव. काशीने दुरून, उजव्या पायाने असा बॉल मारला की मी डावीकडे उडी मारली आणि बॉल उजवीकडून आत. हे गुडघे बघा, ही उडी तेव्हाची.

"उजव्या नाय," नाखवा म्हणाले.

"मी गोलात होतो का तू?" जनार्दनदादांनी विचारलं.

 पुढे आलेला सरबताचा पेला घ्यायला नाखवांनी मानही वळवली नाही. तसेच उठून रिक्षात जाऊन बसले. मी जनार्दनदादांना आणखी दोन प्रश्न विचारले. माणूस खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणारा माणूस स्वतःवर झालेला गोल इतक्या आवडीने सांगत नाही.

परतीच्या वाटेवर नाखवा खाडीकडे तोंड करून बसले होते. मी मनात साक्षी लावत होते. उजवा पाय सांगणारे, जनार्दनदादा, माघी पुनव. दवाखान्यातले गृहस्थ, अवसेचा दुसरा दिवस. डावा पाय सांगणारे, कोनचे गुरुजी, एकादशी. मासळी बाजारात एक जण भेटला होता, त्याची अष्टमी होती, तोही डावाच म्हणाला होता. मी जितके साक्षीदार ऐकले होते ते सगळे आठवले. पुनव आणि अवस सांगणाऱ्यांनी उजवा पाय पाहिला होता. अष्टमी-एकादशीवाल्यांनी डावा. एकही इकडचा तिकडे नव्हता.

मी दादरची, पण पनवेलला राहून मासळी घेणाऱ्या बाईला एवढं कळायला लागतं की पुनव-अवसेला समुद्राला उधाण असतं, आणि अष्टमी-एकादशीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाण्याला ओढ नसते. त्याप्रमाणे बोटी जातात, त्याप्रमाणे बाजारात मासे येतात आणि त्याप्रमाणे कोळणी भाव करू देतात किंवा देत नाहीत. म्हणजे उधाणाला एक माणूस खेळत होता आणि भांगाला दुसरा. दोघांचं नाव काशी, आणि तोंडावळा सारखा.

मी नाखवांकडे बघितलं. त्यांची पँट पोटरीपर्यंत दुमडलेली होती आणि उजवा पाय रिक्षाच्या पत्र्यावर हळूहळू ताल धरत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. सून कामावर गेली होती, त्यांनी स्वतःच चहा केला. मी फार आडवळणं घेतली नाहीत. म्हटलं, नाखवा, माघी पुनवेला जनार्दनदादांवर गोल केलात तो तुम्ही.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "कोनाला सांगितलंस काय?"

मी नाही म्हटलं. आणि मग त्यांनी सांगितलं. बापाची एक बोट होती आणि बापाचा एक कायदा होता. दोघं भाऊ एका वेळी बोटीवर नाहीत, आणि दोघं एका वेळी घरात नाहीत. एकाने दर्यात जायचं, दुसऱ्याने घरी जाळी सांधायची. उधाणाला डोल लावतात, ती मोठी पिशवीसारखी जाळी, ती ओढायला ताकद लागते. म्हणून उधाणाला थोरला काशी बोटीवर. भांगाला हलकी जाळी, तेव्हा धाकटा हिराजी. संघाच्या यादीत नाव एकट्या काशीचं, बुटांचा जोड एकच. मॅच कुठल्या दिवशी येईल ते आपल्या हातात नाही. ती उधाणात आली की काशी दर्यात, मग हिराजीने बूट घालून काशी व्हायचं. गावाला सगळं माहीत होतं, गावातलं कोणी बोललं नाही. पुढे गाव पांगलं आणि ज्यांना माहीत होतं ते एक एक करून गेले.

मी म्हटलं, म्हणजे लोकांना आठवतो तो अर्धा काशी तुम्ही आहात. मग सांगत का नाही? गेल्या जन्मी चोरी केल्यासारखे लपता कशाला?

"ताय, काशीला मॅचमंदी मी कधी बगितलाच नाय," ते म्हणाले. "तो खेलायचा तवा मी बोटीवर. मी खेलायचो तवा तो. ल्हानपनी खाडीत दोगं खेललो, मी पानी वरडायचो, तो कोरडा वरडायचा. पन मॅच नाय. लोकं कशी वरडायची त्याच्यासाटी, ते मी आयकलाच नाय."

मग पुढचं सांगितलं. एका पावसाळ्यात काशीला कावीळ झाली आणि तो गेला. लग्न व्हायचं होतं. त्यानंतर गावचा संघ हिराजीला खेळ म्हणाला, पण खेळणार कसा? बाहेरगावच्या लोकांच्या लेखी हा पाय काशीचा होता, आणि काशी मेल्याचं सगळ्यांना कळलं होतं. "काशी मेला, मंग काशी खेलतो कसा?" असं ते म्हणाले आणि थोडे हसलेसुद्धा. बूट त्यांनी काशीबरोबरच दिले.

मला आता कळलं की ते माणसं का गाठत होते. सगळ्या खाडीपट्ट्यात विखुरलेल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत त्यांचा भाऊ थोडा थोडा शिल्लक होता, आणि ते त्यातून स्वतःला निवडून बाजूला काढत होते. तिथी विचारायची ती त्यासाठी. माझ्या सगळ्या नोकरीत मी खोटा दावा करणारी माणसं पाहिली. स्वतःचा खरा दावा इतक्या चिवटपणे नाकारणारा हा पहिलाच. मला भरून आलं आणि मी ते लपवलं नाही.

तरी शेवटचा प्रश्न राहिला होता. मी विचारला. भिंतीवर दोघं रंगवायला सांगू का? रोहन ऐकेल. जागा भरपूर आहे.

नाखवांनी मान हलवली. "मना पोरगा हाय, सून हाय, नातू हाय. मी मेलो तं भिंतीवर फोटो लावतील, हार घालतील. काशीचा काय हाय? त्याचा डावा पाय तेवडा लोकांच्या डोल्यात ऱ्हायलाय. त्यात माझा उजवा कशाला घालू?"

संध्याकाळी मी रोहनला फोन केला आणि सांगितलं की चौकशी पूर्ण झाली आहे, पाय डावा. तो म्हणाला, नक्की ना काकू? मी म्हटलं, माझ्या सहीने देते, हवं तर. दुसऱ्या दिवशी पेंटरने मान डोलावली आणि परातीएवढा ब्रश काढला.

टर्फ सुरू झालं त्या दिवशी गर्दी बरी होती. रोहनने जनार्दनदादांनाही गाडी पाठवून आणवलं होतं, ते मला आधी माहीत असतं तर मी अडवलं असतं. भिंतीवर काशी उभा होता, चांगला दोन पुरुष उंच. चेहरा लग्नातल्या हिराजीचा, नवखा, मुंडावळ्या तेवढ्या काढून टाकलेल्या. मान डाव्या खांद्यावरून मागे वळलेली, आणि डावा पाय बॉलला अलगद लावलेला. पेंटरने सवयीने डोळे जरा जास्तच पाणीदार केले होते. बापाच्या कायद्याने जे दोघं एका वेळी कधी मैदानात उतरले नाहीत, ते त्या भिंतीवर एकाच अंगात उभे होते, आणि हे तिथे फक्त दोन माणसांना माहीत होतं.

जनार्दनदादा काठीवर रेलून खूप वेळ बघत राहिले. मला धाकधूक होती. शेवटी ते नाखवांजवळ आले आणि म्हणाले, "चेहरा बरोबर हाय. पाय चुकलाय. मना गोल मारला तो उजव्या पायाचा होता."

"तो काशी नवता," नाखवा म्हणाले.

"मंग कोन होता?"

"होता कोनतरी."

जनार्दनदादांनी त्यांच्याकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग परत त्यांच्याकडे, आणि या वेळी जरा जास्त वेळ. त्यांना काय कळलं ते मी सांगू शकत नाही, आणि मी विचारलंही नाही. "कोनी का असंना, बेस खेलायचा," एवढं म्हणून ते खुर्चीकडे वळले. नाखवांनी दुमडलेली पँट उगाचच आणखी एक घडी वर केली.

रोहनची आई पेढ्यांचा बॉक्स घेऊन फिरत होती. ती नाखवांसमोर आली आणि तिने बॉक्स पुढे धरला. नाखवांची नजर अजून भिंतीवर होती. त्यांनी डाव्या खांद्यावरून मागे बघितलं. तिकडे टर्फची जाळी होती, जाळीपलीकडे रस्ता, आणि त्यापलीकडे नव्या इमारती, जिथून खाडी दिसत नाही. मग त्यांची मान उजवीकडे वळायला लागली. मी तिथेच, त्यांच्या मागे दोन पावलांवर उभी होते.

"कोरडा हाय," मी म्हटलं.

त्यांची मान अर्ध्यावर थांबली. ते माझ्याकडे वळले नाहीत. मागे न बघता त्यांनी हात पुढे केला आणि पेढा घेतला.